हाताच्या इशाऱ्यावर भडकणारं शिल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण मोकळ्या मैदानातल्या कला महोत्सवांसाठी गॅसवर चालणारी शिल्पं बांधतो. शिल्पाभोवती जमणारी माणसं आणि नंतर "आम्हालाही असं करायचंय" म्हणत येणारे उत्साही साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कुणाचा उत्साह मोडायचा नाही. पण जिथे माझा सूर चढलेला वाटेल, तिथे आम्ही स्वतः चटका खाल्लेला आहे असं समजा. आणि हे वाचून कुणी थेट गॅसच्या जोडणीला हात घालू नये. जोडणी परवानाधारक माणसाच्या नजरेखालीच व्हायला हवी.

परस्परसंवादी अग्निशिल्प म्हणजे नेमकं काय?

शेकोटी आपल्या मर्जीने जळते, माणसं तिच्याभोवती बसतात. इथे उलटं आहे. कुणी कळ दाबतं, दांडा ओढतं, ढोल वाजवतं, आणि शिल्प आगीने उत्तर देतं. आकार काहीही असू शकतो: फूल, झाड, मासा, नुसता खांबांचा गोल. बघणाऱ्याला आग दिसते. बांधणाऱ्यासाठी मात्र ते नळ्या, टाक्या, व्हॉल्व्ह आणि तारा यांचं जाळं असतं. एक सेकंदासाठी बराच गॅस सोडणं आणि मग तो नक्की थांबवणं, एवढंच त्या जाळ्याचं काम. यातला "नक्की थांबवणं" हा भाग आमचा ऐंशी टक्के वेळ खातो.

हा प्रकार नवा आहे का?

फारसा नाही. फ्रेडरिक कास्टनर यांनी १८७० च्या दशकात 'पायरोफोन' नावाचं वाद्य बनवलं. त्यात काचेच्या नळ्यांमध्ये गॅसच्या ज्योती होत्या आणि पट्ट्या दाबल्या की त्या ज्योतींमुळे नळ्या सूर काढत. माझ्या मते परस्परसंवादी आगीचा खरा पूर्वज हाच. १९०५ मध्ये हाइनरिख रूबेन्स यांनी भोकं पाडलेल्या नळीत गॅस भरला, तिच्या एका टोकाशी आवाज केला आणि ध्वनिलहरी ज्योतींच्या उंचीत दाखवल्या. ती 'रूबेन्स नळी' आजही महोत्सवांत दिसते.

मोठ्या शिल्पांची आजची परंपरा बरीचशी 'बर्निंग मॅन' या अमेरिकेतल्या महोत्सवाभोवती वाढली. १९८६ मध्ये लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर सुमारे अडीच मीटर उंचीचा लाकडी पुतळा जाळला. १९९० पासून तो सोहळा नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात गेला. तिथला पुतळा एकदाच जळतो. गॅसवरची शिल्पं मात्र रात्रभर पेटत आणि विझत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी उभी असतात.

कोणतं इंधन वापरावं?

प्रोपेन. बाकी पर्यायांवर रात्र रात्र वाद घालून शेवटी सगळे इथेच येतात.

प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे साधारण हवामानात सिलिंडरमध्ये द्रवावर वायूचा चांगला दाब आपोआप तयार असतो. २० अंशांना तो सुमारे ७ बार भरतो, पंप लागत नाही. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्यामुळे थंडीत तो सिलिंडरमध्येच सुस्त पडून राहतो. एलपीजी म्हणून मिळणारा गॅस बहुधा या दोघांचं मिश्रण असतो. प्रमाण विचारून घ्या, थंड रात्री तेच आडवं येतं.

आता वाईट बाजू. प्रोपेन हवेच्या दीडपट जड आहे. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि खड्ड्यात, चरात, मंचाखाली साचून बसतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद पेटीत ठेवत नाहीत. शिल्पाच्या चौथऱ्याला आवरण घातलं असेल, तर झरोके अगदी जमिनीलगत लागतात. आम्ही एकदा ते वरच्या बाजूला ठेवले होते, दिसायला छान होते म्हणून. तपासायला आलेल्या बाईंनी एक शब्द न बोलता खाली बोट दाखवलं.

मिथेनॉलसारखी द्रव इंधनं रंगासाठी मोह पाडतात. बोरिक आम्ल घातलं की हिरवी ज्योत मिळते. पण नुसत्या मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही, आणि जी आग दिसत नाही तिच्याभोवती मी लोकांना उभं करणार नाही.

तो मोठा भडका तयार कसा होतो?

सिलिंडरमधून थेट गॅस सोडला तर ज्योत मिळते, भडका मिळत नाही. रेग्युलेटर आणि लांब नळी यांतून पुरेसा प्रवाह क्षणात येऊच शकत नाही. म्हणून मध्ये एक टाकी बसवतात, तिला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. रेग्युलेटरमधून ती सावकाश भरते. तिच्या तोंडाशी मोठ्या व्यासाचा, विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की टाकीतला सगळा गॅस एका झटक्यात वरच्या तोटीतून निघतो, तिथे आधीच पेटत असलेल्या छोट्या ज्योतीला, म्हणजे पायलटला, भिडतो, आणि आकाशात गोळा उठतो. या सगळ्या जुळणीला आमच्यात 'पूफर' म्हणतात, तिच्या आवाजावरून.

आकड्यांत सांगतो. २० लिटरची टाकी ४ बारपर्यंत भरली, तर ती रिकामी होताना बाहेर पडणारा गॅस साध्या दाबाला सुमारे ८० लिटर होतो, म्हणजे जेमतेम १५० ग्रॅम. पण प्रोपेनच्या एका किलोत सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता असते. त्या १५० ग्रॅमचे झाले जवळजवळ ७ मेगाज्यूल. ते एका सेकंदात जळाले, तर त्या सेकंदापुरतं तुमचं शिल्प ७ मेगावॉटचं असतं! हा हिशेब मी प्रत्येक नव्या सोबत्याला कागदावर स्वतः करायला लावतो.

टाकी दाबासाठीच बनवलेली, प्रमाणित आणि शिक्क्याची हवी, तिच्यावर सुरक्षा झडप हवी. जुना पाइप आणून दोन टोकांना पत्रा वेल्ड केला की टाकी झाली, असं समजणारे भेटतात. त्यांच्या शिल्पापासून लांब उभे राहा.

भडक्याचा आकार बदलता येतो का?

येतो, आणि खरी कारागिरी इथे आहे. अरुंद तोटीतून उंच, सुसाट झोत निघतो. रुंद तोंडातून गॅस आळसावल्यासारखा बाहेर येतो आणि छत्रीसारखा फुलतो. व्हॉल्व्ह अगदी थोडा वेळ उघडून लगेच मिटला आणि तोंड गोल, स्वच्छ कापलेलं असेल, तर धुराच्या वर्तुळासारखं आगीचं कडं वर जातं. वारा नसलेल्या रात्री हे कडं पाहिलं की पोरं काय, आयोजकसुद्धा टाळ्या वाजवतात.

रंग पिवळा-नारिंगी येतो, कारण अर्धवट जळलेल्या काजळीचे कण तापून उजळतात. हवा आधीच मिसळली तर ज्योत निळी होते, जास्त तापते आणि लांबून दिसत नाही. महोत्सवासाठी काजळीच आपली मैत्रीण. निळी ज्योत स्वयंपाकघरात बरी.

सिलिंडरवर बर्फ का साठतो? आणि मध्यरात्रीनंतर भडके बारीक का होतात?

दोन्हीचं कारण एकच. द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते, प्रोपेनला एका किलोमागे साधारण ३५० किलोज्यूल. ती तो स्वतःकडून आणि सिलिंडरच्या पत्र्याकडून घेतो. तासाला १०० भडके म्हणजे १५ किलो गॅस, आणि त्यासाठी सतत दीड किलोवॉट उष्णता आजूबाजूच्या हवेतून सिलिंडरमध्ये शिरायला हवी. एकट्या सिलिंडरला ते झेपत नाही. तो गार पडतो, दाब उतरतो, भडका बसतो. द्रव शून्य अंशाला आला की दाब चार बारच्याही खाली जातो, मग टाकी भरणार कशी?

उपाय म्हणजे अनेक सिलिंडर एका जोडनळीवर एकत्र लावणं, म्हणजे भार वाटला जातो. कोमट पाण्याचं टबही चालतं. सिलिंडरला ज्योत दाखवून गरम करणाऱ्याला मैदानाबाहेर काढावं, त्याच्याशी चर्चा करू नये.

सिलिंडर कायम उभाच ठेवायचा. आडवा पडला तर नळीत वायूऐवजी द्रव शिरतो, आणि द्रवाचा वायू होताना तो सुमारे २७० पट फुगतो. द्रव प्रोपेन मुद्दाम वापरून प्रचंड भडके काढणारे गट आहेत, पण ते काम वेगळं, त्याची तयारी वेगळी. पहिल्या शिल्पात त्याचं नावही काढू नका.

पायलट ज्योतीबद्दल इतकी काळजी कशासाठी?

कारण आग लागली तर ती दिसते. लागली नाही, तर गॅस साचतो.

आमच्या दुसऱ्या शिल्पाच्या चाचणीत वाऱ्याने पायलट विझला. कळ दाबणाऱ्याला वाटलं बटण बिघडलं, म्हणून त्याने ते तीन-चार वेळा दाबलं. मग शेजारच्या तोटीच्या पायलटपर्यंत तो ढग पोहोचला. भडका तोटीवर न होता शिल्पाच्या कमरेशी, आडवा झाला. कुणी भाजलं नाही, कारण चाचणीच्या वेळी आम्ही कुणाला जवळ येऊ देत नाही. एका कॅमेऱ्याचं झाकण तेवढं वितळलं. त्या दिवसापासून नियम झाला: पायलट पेटलेला आहे हे यंत्राने ओळखलं तरच मोठा व्हॉल्व्ह उघडेल.

ओळखायचं कशाने? थर्मोकपल, म्हणजे उष्णता ओळखणारी तारांची जोडी, स्वस्त आणि दणकट, पण ज्योत विझल्यावर ते गार व्हायला बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळ "ज्योत आहे" असं खोटं सांगत राहतं. ज्योतीतून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह ओळखणारी सळई झटकन उत्तर देते. अतिनील प्रकाश टिपणारा डोळाही झटपट आहे, पण त्याला शेजारच्या तोटीची ज्योतही दिसते, म्हणून त्याची नजर आडोसा लावून बांधावी लागते. शिवाय पायलटला वाऱ्यापासून वाचवणारं भोकांचं नळकांडं घालाच. आणि पायलटचा गॅस वेगळ्या नळीने आणा. टाकी भरताना मुख्य नळीतला दाब खालीवर होतो आणि पायलट गुदमरतो.

अनोळखी लोकांच्या हाती आगीची कळ द्यायची? हे सुरक्षित कसं?

त्यांच्या हाती कळ नसते. त्यांच्या हाती मागणी असते.

आमच्या रचनेत भडक्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. प्रेक्षकाने बटण दाबलेलं हवं. पायलट पेटलेला हवा. आणि आमचा चालक, ज्याला शिल्पाच्या चारी बाजू दिसतात, त्याने आपल्या हातातला परवानगीचा स्विच दाबून धरलेला हवा. 'दाबून धरलेला' हे महत्त्वाचं. चालकाला शिंक आली, कुणी धक्का दिला, तो चक्कर येऊन पडला, तर बोट सुटतं आणि शिल्प गप्प होतं. चालू-बंद असा साधा स्विच इथे चालत नाही, कारण तो चालू ठेवून माणूस चहाला जाऊ शकतो.

याशिवाय व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहील याची मर्यादा असते. कुणी बटणावर बसून राहिलं तरी एक सेकंदानंतर तो मिटतो. सगळे व्हॉल्व्ह 'वीज गेली की बंद' जातीचे असतात. प्रत्येक मार्गावर असे दोन, एकामागे एक, कारण व्हॉल्व्हचं झाकण जिथे टेकतं तिथे धुळीचा एक कण अडकला की एकटा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मैदानात धूळ असतेच, म्हणून आधी गाळणीही. आणि सगळ्यात मागे, सिलिंडरपाशी, हाताने फिरवायचा कॉक. तो जो फिरवतो त्याच्याकडे दुसरं काहीच काम नसतं.

प्रेक्षकांसाठी बटण, सेन्सर की आणखी काही?

पहिल्या वर्षी आम्हाला सगळं जादूई हवं होतं. बटण म्हणजे फारच साधं, असं वाटायचं. हालचाल ओळखणारा अवरक्त सेन्सर लावला. पहिला भडका उठला आणि सेन्सरला त्या भडक्याचीच हालचाल दिसली. मायक्रोफोन लावला, लोकांनी ओरडावं म्हणून. शिल्प स्वतःच्याच आवाजावर पुन्हा पुन्हा पेटायला लागलं. बोटाची नाडी ओळखणारा सेन्सर कल्पनेत सुंदर होता, पण थंड रात्री बोटं गारठली की नाडी सापडत नाही आणि माणूस लाजून निघून जातो.

आता आम्ही दणकट औद्योगिक बटणं आणि लोखंडी दांडे वापरतो. जादू वेळेत असते. बटण दाबल्यापासून भडक्यापर्यंत साधारण एक दशांश सेकंदाच्या आत उत्तर आलं, तर माणसाला "हे मी केलं" असं वाटतं. अर्धा सेकंद उशीर झाला की तो दुसऱ्यांदा दाबतो, मग तिसऱ्यांदा, आणि नातं तुटतं. त्यामुळे टाकी, व्हॉल्व्ह आणि तोटी यांमधली नळी आखूड ठेवावी.

टाकी भरायला वेळ लागतो, तो लपवू नका. बटणाच्या कडेने दिवा हळूहळू उजळत नेला, तर लोक त्या दिव्याकडे श्वास रोखून पाहतात. ती प्रतीक्षा शिल्पाचाच भाग होते.

आणि माझी आवडती युक्ती: दोन बटणं, चार-पाच मीटर अंतरावर, एकदम दाबली तरच सगळ्यात मोठा भडका. एकट्या माणसाला ते जमतच नाही. मग तो इकडेतिकडे बघतो, अनोळखी माणसाला हाक मारतो, दोघं मोजतात, एक, दोन, तीन. आम्ही एवढं लोखंड कापलं, वाकवलं, जोडलं, पण त्या रात्री लोकांच्या लक्षात राहिली ती ही हाक.

बटणाची जागा अशी निवडा की दाबणारा शिल्पाकडे तोंड करून उभा असेल आणि त्याच्या नजरेत भडक्याची जागा असेल. ज्याला आग दिसत नाही, त्याने ती पेटवू नये. उंचीही पाहा. मुलांचा हात पोहोचतो तिथे मुलं पोहोचतातच.

मायक्रोकंट्रोलर चालेल का? वाय-फायवरून चालवता येईल?

नक्षी ठरवायला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी छोटी चिप, उत्तम. कोणती तोटी आधी, कोणती नंतर, लाट कशी धावेल हे सगळं त्यावर. पण सुरक्षेची साखळी त्याच्या हाती देऊ नका. आणीबाणीचं लाल बटण दाबलं की व्हॉल्व्हची वीज तारेनेच, सरळ तुटली पाहिजे. मध्ये प्रोग्रॅम नको. प्रोग्रॅम अडकतो, तुटलेली तार अडकत नाही.

वाय-फायवर दिवे चालवा. आग नको. गर्दीत हजारो फोन असतात आणि नेमक्या वेळी जोडणी जाते. मंचावरच्या दिव्यांसाठी वापरला जाणारा डीएमएक्स ५१२ हा संकेतही सोयीचा वाटतो, पण त्यात चुकलेला संदेश ओळखायची सोय नाही, आणि धोकादायक उपकरणांसाठी तो वापरू नये असं त्याच्या मानकातच म्हटलेलं आहे.

एक बारीक गोष्ट, जी आम्हाला फार उशिरा कळली. सोलेनॉइडच्या गुंडाळीतला प्रवाह तुटताना उलटा झटका बसतो, तो शोषायला डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावतात. साधा डायोड लावला की व्हॉल्व्ह मिटायला थोडा जास्त वेळ घेतो आणि आगीची कडी लांबट, विस्कटलेली येतात. सोबत झेनर डायोड लावला की कडी पुन्हा नीट गोल झाली. आम्ही दोन आठवडे तोट्या घासत बसलो होतो.

प्रेक्षक किती लांब उभे करायचे?

अंतर डोळ्यांनी ठरवू नका, हिशेबाने ठरवा, आणि मग चाचणीत तिथे स्वतः उभे राहा.

प्रोपेनच्या पिवळ्या ज्योतीतली साधारण तीन दशांश उष्णता किरणांनी बाहेर पडते असं धरू. मघाच्या ७ मेगावॉटच्या भडक्याचे झाले २ मेगावॉट. १० मीटरवर ते चौरस मीटरमागे सुमारे दीड किलोवॉट भरतात, म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या दीडपट. सेकंदभरासाठी ते सुखद असतं, लोक हसतात. ५ मीटरवर तेच चौपट, सहा किलोवॉटच्या वर. तिथे सतत उभं राहिलं तर काही सेकंदांतच त्वचा दुखू लागते. अंतर निम्मं केलं की उष्णता चौपट होते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि हा एका तोटीचा हिशेब झाला. सहा तोट्या एकदम पेटणार असतील तर सहाने गुणा.

मग वारा. भडका सरळ वर जाईल असं कागदावर असतं. वाऱ्यात तो कलतो आणि वाऱ्याच्या दिशेच्या प्रेक्षकांजवळ जातो. म्हणून प्रेक्षकांना अडवणारं दोरीचं कडं सगळीकडे सारखं न ठेवता त्या बाजूला मोठं ठेवतात, आणि वारा फिरला की दोरीही फिरवतात.

सांगाडा कशाचा बनवायचा?

पोलादाचा. साधं पोलाद पुरतं, फक्त ते तापल्यावर कसं वागतं हे माहीत हवं. सहा मीटरचा पाइप ५०० अंशांनी तापला तर सुमारे ३६ मिलिमीटर लांब होतो. दोन्ही टोकं घट्ट वेल्ड केली असतील तर तो वाकतो किंवा वेल्ड फाडतो. म्हणून एक टोक सरकतं ठेवा. ६०० अंशांच्या आसपास साध्या पोलादाची निम्मी ताकद गेलेली असते, तेव्हा भार पेलणारा खांब ज्योतीच्या वाटेत नको. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ते सजावटीलाही आगीपासून लांबच. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं की जस्ताच्या धुराने ताप भरतो. मुलामा आधी घासून काढा, मास्क लावा.

पोलाद काळं दिसतं म्हणून गार नसतं. ४०० अंशांवरही ते लाल होत नाही. भडके थांबल्यावर शिल्पाला मिठी मारून फोटो काढायला येणारे असतात, म्हणून शेवटच्या भडक्यानंतरही दोरी तासभर तशीच राहते.

वाऱ्यात ते पडणार नाही ना?

उदाहरण घ्या. वाऱ्यासमोर चार चौरस मीटर भाग येतो, त्याचा मध्य तीन मीटर उंचीवर, वारा सेकंदाला १५ मीटर. बळ साधारण ७०० न्यूटन. दोन मीटर रुंद बैठक उलटू नये म्हणून निदान २२० किलो वजन लागतं, आणि आम्ही त्याच्या दुप्पट धरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बळ चौपट. शिल्पावर लोक चढतात हेही धरा. "चढू नये" अशी पाटी म्हणजे चढायचं आमंत्रण.

आग थांबवायचा वारा आधीच आकड्यात लिहून ठेवा. मैदानात हजार माणसं वाट बघत असताना तो आकडा ठरवायला गेलात, तर तो नेहमी मोठाच ठरतो.

गळती कशी तपासायची?

साबणाचं पाणी आणि ब्रश. प्रत्येक जोड, प्रत्येक वेळी, शिल्प हलवल्यावर पुन्हा. गॅस भरण्याआधी नायट्रोजन किंवा हवेने दाब देऊन मापकाचा काटा उतरतो का ते पाहतात. काडी लावून तपासणारे अजून आहेत, काय बोलणार. प्रोपेनला मुळात वास नसतो, ओळखू यावा म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. पण दिवसभर त्या वासात काम केलं की नाक बधिर होतं. नाकावर विसंबू नका. नळ्या एलपीजीसाठीच्या घ्या, साधं रबर यात फुगून सैल होतं.

आयोजक आणि अग्निशमन अधिकारी काय मागतात?

ठिकाणागणिक वेगळं, पण गाभा सारखा: गॅसच्या मार्गाचा आराखडा, प्रत्येक भागाचा दाब, प्रेक्षकांचं अंतर, आणीबाणीत कोण काय करेल, आणि प्रत्यक्ष चाचणी. प्रेक्षकांसमोर ज्वाला वापरण्यासाठी अमेरिकेत एनएफपीए (अग्निसुरक्षेवरची तिथली संघटना) १६० हे मानक आहे, आराखडा मांडताना ते वाचून ठेवणं कुठेही उपयोगी पडतं. अधिकाऱ्याला शेवटच्या दिवशी बोलावू नका. चित्र कागदावर असतानाच दाखवा. त्यांनी सुचवलेला बदल तेव्हा खोडरबराने होतो, नंतर ग्राइंडरने.

चालवायला किती माणसं लागतात?

एका शिल्पाला एका पाळीत किमान चार: परवानगीच्या स्विचवर एक, सिलिंडरच्या कॉकवर एक, कड्याभोवती फिरणारे दोन. अंगावर सुती किंवा लोकरी कपडे. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. पाळीवर दारू नाही, पाळीच्या आधीही नाही. "थांबा" हा शब्द कुणीही उच्चारू शकतो, पाहुणासुद्धा, आणि तो ऐकला की आधी थांबायचं, मग कारण विचारायचं.

काही पेटलंच तर विझवायचं कसं?

आधी गॅस बंद. नेहमी. गॅस वाहत असताना ज्योत विझवली तर न जळलेला गॅस पसरतो आणि पुढचा स्फोट जास्त मोठा असतो. कोरड्या भुकटीची विझवणी यंत्रं, ओली घोंगडी आणि पाणी हाताशी ठेवा, यंत्र चालवायचा सराव आधी करा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी घाला आणि डॉक्टरकडे न्या. मलम, बर्फ, टूथपेस्ट यांतलं काही लावू नका.

दिवसा कसं दिसतं?

फिकं. दिवसासाठी आकारच चांगला हवा. आग नसताना ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही, ते शिल्प अजून पूर्ण झालेलं नाही असं आम्ही धरतो.

सुरुवात कुठून करू?

एका तोटीपासून. एक लहान टाकी, एक पायलट, एक बटण, मोकळी जागा, आणि शेजारी हे आधी केलेला माणूस. ती एक तोटी शंभर वेळा पेटवा, शंभर वेळा मिटवा, कधी दगा देते ते वहीत लिहा. मग दुसरी. एखाद्या गटात पडेल ते काम करायला जा. नळ्या उचलत एक महोत्सव काढलात तर या पानाची गरज उरणार नाही.

शेवटच्या रात्रीनंतर काय?

सिलिंडर बंद करायचे आणि पायलट तसेच जळू द्यायचे, म्हणजे नळीतला उरलेला गॅस जळून संपतो. टाक्यांतला दाब एकेक करून सोडायचा, मापक शून्यावर आल्याचं दोघांनी पाहायचं, मगच पाना लावायचा. सगळे थकलेले असतात आणि घाई सुचते ती इथेच, म्हणून सुटं करायचं काम आम्ही रात्री करत नाही, झोपून उठल्यावर करतो.

सगळं गाडीत चढल्यावर चाकांवरचा लोहचुंबक घेऊन मैदान पुन्हा पुन्हा फिरायचं. मागच्या वेळी बादलीत एकतीस स्क्रू, वेल्डिंगच्या सळ्यांची टोकं, एक केसांची पिन आणि आम्ही तीन दिवस शोधत असलेला दहा नंबरचा पाना निघाला.